यंत्राची स्मृती आणि माणसाचे विस्मरण

काही ग्रंथांचा उल्लेख फार होतो, वाचन मात्र क्वचितच होते. जॉन फॉन नॉयमन यांचा 'द कम्प्युटर अँड द ब्रेन' हा ग्रंथ त्यांपैकी एक होय. मेंदू हा एक संगणकच आहे असे ज्यांना म्हणावयाचे असते, ते या ग्रंथाचे नाव आधाराला घेतात. ज्यांना या विधानाची धास्ती वाटते, ते नाव ऐकूनच ग्रंथ दूर सारतात. येल विद्यापीठाने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या या ८२ पानांच्या छोटेखानी पुस्तकात प्रत्यक्षात काय लिहिले आहे, याची चौकशी मात्र दोन्ही पक्ष फारशी करीत नाहीत.

हे पुस्तक मी पुन्हा उघडले ते एका मुलाच्या प्रश्नामुळे. गेल्या पावसाळ्यात बेळगाव भागातील एका धर्मग्रामात धर्मशिक्षणाच्या वर्गाला गेलो असता दहावीतील एका मुलाने विचारले, "फादर, यंत्राला स्मृती असते, ते शिकते, विचारले तर उत्तरही देते. मग त्याला आत्मा नाही, हे आपण कशावरून म्हणतो?" मी बोलण्यापूर्वीच वर्गावरील बाईंनी उत्तर दिले, "यंत्राला कविता करता येत नाही." मुलाने नम्रपणे सांगितले की, आता ते कविताही करते. बाई गप्प झाल्या. दोष त्यांचा नव्हता. माणसाचे माणूसपण यंत्राला न जमणाऱ्या एखाद्या करामतीत शोधावे, असेच आपण धर्मगुरूंनी आपल्या धर्मशिक्षकांना कळत नकळत शिकविले आहे. हे उत्तर कोठे चुकते, हे समजण्यास प्रस्तुत ग्रंथ फार उपयोगी पडतो. आणि तो स्वतः कोठे उणा पडतो, तेही पाहण्याजोगे आहे.

प्रथम ग्रंथाची जन्मकथा. येल विद्यापीठात १९०३ पासून सिलिमन व्याख्यानमाला चालत आली. हेप्सा इली सिलिमन या बाईंच्या स्मरणार्थ तिची स्थापना झाली. निसर्गात आणि नैतिक जगात प्रकट होणारे देवाचे अस्तित्व, त्याची तरतूद, त्याचे ज्ञान व चांगुलपणा यांचे दर्शन घडावे, हा तिचा उद्देश. तथापि देणगीदाराने एक अटही घातली होती : सिद्धांतात्मक किंवा वादात्मक धर्मशास्त्रावर येथे व्याख्यान होऊ नये, निसर्गातील व इतिहासातील तथ्ये नीट क्रमाने मांडली, की हा उद्देश अधिक चांगला साधतो. याच मालेत चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०४ साली मज्जासंस्थेच्या एकात्म कार्यावर व्याख्याने दिली आणि १९०६ साली त्यांचा विख्यात ग्रंथ झाला. अर्धशतकानंतर त्याच व्यासपीठावर मेंदूविषयी बोलण्याचे निमंत्रण एका गणितज्ञाला मिळाले.

ती व्याख्याने कधी झालीच नाहीत. १९५५ च्या प्रारंभी निमंत्रण आले. त्याच वर्षी फॉन नॉयमन अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य म्हणून वॉशिंग्टनला गेले. आणि उन्हाळा संपता संपता त्यांच्या हाडात कर्करोग असल्याचे निदान झाले. १९५६ च्या आरंभी ते चाकांच्या खुर्चीला खिळले. हस्तलिखित त्यांच्याबरोबर वॉल्टर रीड रुग्णालयात गेले, आणि तेथेच अपुरे राहिले. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ही हकीकत त्यांच्या पत्नी क्लारा यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेत संयमाने सांगितली आहे. वाचकाने ती आधी वाचावी. कारण पुढील पानांत जो मेंदूचा हिशेब आहे, तो एका ढासळत्या देहात बसून मांडलेला आहे.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिला संगणकाविषयी. भौतिक राशींच्या मापांतून उत्तर काढणारी ॲनालॉग यंत्रे आणि अंकांच्या गणनेतून उत्तर काढणारी डिजिटल यंत्रे, असे भेद करून लेखक त्यांची रचना समजावून देतो. दुसऱ्या भागात तो मेंदूकडे वळतो. चेतापेशीतून आवेग जातो किंवा जात नाही. अधलेमधले काही नसते. म्हणून प्रथमदर्शनी मज्जासंस्था डिजिटल भासते. येथपर्यंत वाचून जो थांबला, त्याच्या हाती 'मेंदू हा संगणकच' हे घोषवाक्य लागते. दुर्दैवाने पुष्कळजण येथेच थांबले.

लेखक मात्र थांबत नाही. तो आकडे मांडतो आणि आकड्यांनी स्वतःच्याच उपमेची परीक्षा घेतो. त्याच्या काळचे कृत्रिम घटक चेतापेशीहून हजारो पटींनी वेगवान होते. उलट चेतापेशी त्या घटकांहून कोट्यवधी पटींनी लहान. यावरून तो अनुमान काढतो की, यंत्र कामे एकामागून एक उरकील, तर मेंदू पुष्कळ कामे एकाच वेळी चालवील. म्हणजे दोहोंची कार्यपद्धतीच भिन्न असणार. पुढचा मुद्दा याहून मार्मिक आहे. संगणक दहा-बारा दशांश अंकांच्या काटेकोरपणाने गणित करतो, कारण दीर्घ आकडेमोडीत लहान चुका साचत जातात. मेंदूत संदेश जातो तो आवेगांच्या वारंवारतेतून. त्या रीतीने दोन किंवा तीन अंकांपलीकडे काटेकोरपणा साधणे शक्य नाही. इतक्या ढोबळ गणिताने कोणतेही यंत्र दोन पावलेही नीट चालणार नाही. मेंदू मात्र आयुष्यभर चालतो. एखादा आवेग हरवला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. यंत्रात एक अंक हरवला, तर सगळा हिशेब कोसळू शकतो.

यावरून लेखक ज्या निष्कर्षावर येतो, तोच या ग्रंथाचा कळस होय. मेंदूत जी काही भाषा चालते, ती आपल्या गणिताची भाषा असू शकत नाही. संस्कृत किंवा ग्रीक या भाषा इतिहासक्रमात घडल्या, त्या तशाच घडणे तर्काने अटळ नव्हते. तद्वत आपले तर्कशास्त्र व गणित हेदेखील एक ऐतिहासिक रूप असावे, मज्जासंस्थेच्या मूळ भाषेवर रचलेली दुय्यम भाषा असावी, असे तो सुचवितो. गणिताच्या बळावर ज्याने जग जिंकले, त्याच माणसाने शेवटच्या लेखनात गणिताची मर्यादा नोंदवून ठेवावी, याला बौद्धिक सचोटी म्हणतात.

आपल्या विद्यापीठांत धर्मशास्त्र शिकलेल्यांना ही सचोटी ओळखीची वाटावी. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने आपल्याला शिकविले आहे की, निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साधर्म्य दिसले, तरी त्याहून मोठे वैधर्म्य मान्य केल्यावाचून ते सांगता येत नाही. उपमा वापरावी, पण तिच्या सीमेपर्यंत चालत जाऊन ती सीमाही दाखवावी, असे हे शिस्तीचे वळण आहे. फॉन नॉयमन यांचा विषय निर्माता नव्हे; परंतु ते वळण त्यांनी मेंदू व यंत्र यांच्या तुलनेत पाळले आहे. आम्ही प्रवचनकार ते पुष्कळदा पाळीत नाही. एकदा दृष्टांत सापडला, की आम्ही त्याच्यावरच वस्तीला राहतो.

आता ग्रंथाची उणीव. ती स्मृतीच्या प्रकरणात आहे. मेंदूची साठवणशक्ती किती, हे काढण्यासाठी लेखक पुढील हिशेब करतो : सुमारे १००० कोटी चेतापेशी, प्रत्येकीत सेकंदाला १४ आवेग, आणि ६० वर्षांचे आयुष्य म्हणजे सुमारे २०० कोटी सेकंद. या साऱ्यांचा गुणाकार २८ वर १९ शून्ये इतका येतो; तितकी द्विमान माहिती मेंदूत मावावी लागेल. यासाठी गृहीत काय धरले? माणूस खऱ्या अर्थाने काहीच विसरत नाही, हे. हरवली असे वाटलेली आठवण कधी कधी अचानक परत येते, एवढाच त्याला आधार. हा अंदाज ढोबळ आहे याची लेखकाला पूर्ण जाणीव आहे. पेशींची संख्या आज सुमारे ८६०० कोटी मानली जाते, म्हणून त्याचा आकडा चुकला, असेही कोणी म्हणेल. परंतु माझा आक्षेप आकड्यावर नाही. मोजले काय, यावर आहे.

येथे शब्दाचा एक प्रवास लक्षात घ्यावा लागतो. ३० जून १९४५ या तारखेचा, एडव्हॅक नावाच्या यंत्राचा जो प्रसिद्ध आराखडा फॉन नॉयमन यांनी लिहिला, त्यात त्यांनी यंत्राच्या भागांना 'अवयव' म्हटले, साठवणुकीच्या भागाला 'मेमरी' म्हणजे स्मृती म्हटले, आणि मॅकुलॉक व पिट्स यांनी १९४३ साली मांडलेल्या चेतापेशीच्या तार्किक प्रतिरूपाचा आधार घेतला. म्हणजे शब्द माणसाकडून यंत्राकडे गेला. यंत्रात त्याचा अर्थ आकसला. स्मृती म्हणजे कोठार, इतकाच उरला. दहा-बारा वर्षांनी तोच आकसलेला शब्द यंत्राकडून माणसाकडे परत आला, आणि माणसाच्या स्मृतीचे मोजमाप कोठाराच्या क्षेत्रफळाने होऊ लागले. उसना दिलेला शब्द परत आला, पण मुद्दल घटून आले. आमच्या वर्गातील मुलाच्या प्रश्नातली 'स्मृती' हीच आहे.

संत ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या दहाव्या भागात स्मृतीच्या विस्तीर्ण दालनांचे वर्णन केले आहे. कोठाराची उपमा त्यांनाही अपरिचित नव्हती. परंतु तेथे ते एका कोड्यापाशी अडतात : मी विसरलो, हे मला आठवते कसे? ज्याला हे कोडे पडते तो कोठार नव्हे, कोठारात फिरणारा कोणीतरी आहे. फॉन नॉयमन यांच्या ग्रंथात या 'कोणीतरी'चा प्रश्न उद्भवतच नाही. तो त्यांचा विषय नव्हता, हे मान्य. पण मग 'काहीच विसरले जात नाही' हे विधान करण्याचाही अधिकार त्या हिशेबाला उरत नाही; कारण विसरणे ही केवळ साठवणुकीतील गळती नाही.

कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूंना हे सांगावयास नको. क्षमा मिळालेले पाप वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा आठवून कुढणारी माणसे आपल्यापुढे गुडघे टेकतात. त्यांची स्मृती शाबूत असते. तीच त्यांची व्यथा असते. यिर्मया संदेष्टा सांगतो की, नव्या करारात देव आपल्या लोकांचे पाप आठवणार नाही. याचा अर्थ देवाच्या ठायी साठवणूक कमी पडली असा कोणी घेत नाही. पवित्र शास्त्रात आठवणे म्हणजे एखाद्याला धरून राहणे, आणि न आठवणे म्हणजे त्याच्या विरुद्ध ती गोष्ट न धरणे. यंत्रातील नोंद पुसता येते. परंतु पुसणे ही क्षमा नव्हे. वेदीवर आपण प्रभूचे स्मरण करतो, तेव्हा जुनी माहिती बाहेर काढीत नाही. आपण त्याच्या सन्निध उभे राहतो.

ग्रंथाच्या प्रकाशनानंतर काय घडले, तेही पाहिले पाहिजे. त्याच १९५८ साली फ्रँक रोझेनब्लॅट यांनी 'परसेप्ट्रॉन' ही उदाहरणांतून शिकणारी कृत्रिम जाळ्याची रचना मांडली. ती वाट मध्ये मंदावली, पुन्हा रुंदावली, आणि २०२४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन हॉपफील्ड व जेफ्री हिंटन यांना याच क्षेत्रातील पायाभूत कामासाठी मिळाले. आज जी यंत्रे आपल्याशी बोलतात, ती या वाटेवरची होत. मात्र त्यांनी मेंदूकडून घेतली ती फार तर एक रूपरेषा. मेंदूची हुबेहूब नक्कल करून ती यशस्वी झालेली नाहीत.

हुबेहूब नकलेचा प्रयत्न वेगळा झाला. हेन्री मार्क्रम यांनी स्वित्झर्लंडमध्ये २००५ साली 'ब्लू ब्रेन' प्रकल्प सुरू केला आणि २००९ साली जाहीर सांगितले की, दहा वर्षांत मानवी मेंदूची प्रतिकृती संगणकात उभी करता येईल. २०१३ साली युरोपीय संघाने 'ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट' हाती घेतला. पुढच्याच वर्षी शेकडो मेंदूशास्त्रज्ञांनी खुल्या पत्राने त्याच्या दिशेवर आक्षेप घेतला. २०१५ साली 'ब्लू ब्रेन'च्या संशोधकांनी उंदराच्या मेंदूतील सुमारे ३१,००० पेशींच्या एका कणाएवढ्या तुकड्याची प्रतिकृती प्रसिद्ध केली. २०२३ साली युरोपचा प्रकल्प संपला. त्यातून उपयुक्त साधने व नकाशे मिळाले, प्रतिकृत मेंदू मिळाला नाही. याहून बोधक उदाहरण एका सूक्ष्म कृमीचे आहे. त्याला अवघ्या ३०२ चेतापेशी असतात आणि त्यांच्या जोडणीचा नकाशा १९८६ सालीच प्रसिद्ध झाला. तरी त्या नकाशावरून कृमीचे सगळे वागणे अजून उलगडलेले नाही. २०२४ साली फळमाशीच्या मेंदूतील १,३९,२५५ पेशींचा नकाशा पूर्ण झाला. हे थोर काम आहे. पण नकाशा म्हणजे गाव नव्हे.

येथे आपल्यापैकी काहींना आनंद होईल, आणि त्याच आनंदापासून मी सावध करू इच्छितो. शास्त्रज्ञांना हे जमले नाही, म्हणून आत्मा सुरक्षित आहे, हा युक्तिवाद आमच्या बाईंच्या कवितेइतकाच नाजूक आहे. यंत्र बुद्धिबळात विश्वविजेत्याला हरवू शकणार नाही, असे एके काळी म्हणत. १९९७ साली गॅरी कास्पारॉव्ह हरले. मग 'गो' या खेळाचे नाव घेतले. २०१६ साली तोही किल्ला पडला. आत्म्याला आपण एकेका बुरुजातून दुसऱ्यात हलवीत राहिलो, तर उद्या तो कोठे लपवावा हा प्रश्न पडेल. व्हिएन येथील परिषदेने १३१२ साली स्पष्ट केले की, आत्मा हा मानवी देहाचे स्वरूपतत्त्व आहे. तो मेंदूच्या एखाद्या न उलगडलेल्या कोपऱ्यातील भाडेकरू नाही. म्हणून मेंदूचा प्रत्येक नवा नकाशा आपल्यालाच आपल्या देहाची ओळख करून देतो. त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही, आणि त्याच्या अपयशावर हर्ष मानण्याचेही नाही.

२८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनमधील दोन विभागांनी प्रसिद्ध केलेल्या 'अँटिक्वा एट नोव्हा' या निवेदनाने हाच धोका दुसऱ्या बाजूने दाखविला आहे. मानवी बुद्धी आणि यंत्राची करामत यांना समान मानू लागलो, तर माणसाची किंमत त्याच्या कार्यक्षमतेवरून ठरविण्याकडे आपण घसरतो, असे ते बजावते. धर्मग्रामात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

आमच्या भागात एक वृद्ध आजी आहेत. स्मृतिभ्रंशाने त्यांचे सारे गेले. महिन्यातून एकदा मी त्यांच्या घरी जातो. अशा वेळी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत म्हातारीला शेवटी एखादी लहानपणची प्रार्थना तरी आठवते, आणि ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. या आजींना तीही आठवत नाही. मुलाला त्या ओळखीत नाहीत, मला ओळखीत नाहीत, क्रुसाच्या खुणेला हात उचलत नाही. पहिल्या काही भेटींत माझ्याच मनात आले की, मी येथे कोणासाठी येतो? तो प्रश्न मनात आला याची मला आज लाज वाटते. माणूस म्हणजे त्याच्या आठवणींचे कोठार, हे गणित मीही न तपासता स्वीकारले होते. कोठार रिकामे झाले म्हणजे माणूस संपला, हे त्या गणिताचे उत्तर आहे. यशया संदेष्टा मात्र सांगतो की, आई एक वेळ आपल्या लेकराला विसरेल, देव विसरणार नाही. आजींचे नाव त्यांच्या मेंदूत टिकले आहे किंवा नाही, यावर त्यांचे असणे अवलंबून नाही. ते नाव स्नानसंस्काराच्या वेळी घेतले गेले, आणि ज्याने ते ऐकले तो ते धरून आहे.

ग्रंथकाराच्या अखेरीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्यांचा गैरवापर होतो. फॉन नॉयमन यांचा जन्म ज्यू कुटुंबातला. पहिल्या विवाहापूर्वी त्यांनी कॅथलिक स्नानसंस्कार घेतला, पण पुढे आयुष्य अज्ञेयवादी वृत्तीने काढले. मृत्युशय्येवर त्यांनी एका बेनेडिक्टाइन धर्मगुरूंना, फादर ॲन्सेल्म स्ट्रिटमॅटर यांना, बोलावून घेतले आणि संस्कार स्वीकारले. मित्र चकित झाले. मात्र मरणाचे भय अखेरपर्यंत गेले नाही, असे त्या फादरांनीच पुढे सांगितले. आपली बुद्धी काम करीत नाही याचे त्यांना झालेले दुःख आपण दुसऱ्या कोणाच्याही ठायी पाहिले नाही, असे त्यांचे मित्र एडवर्ड टेलर यांनी म्हटले आहे. या प्रसंगाचा कोणी विजयध्वज करू नये; घाबरलेल्या रुग्णाच्या खाटेपाशी ध्वज रोवीत नाहीत. परंतु एवढे म्हणता येईल : ज्याने माणसाच्या स्मृतीचा हिशेब केला, त्याचे कोठार त्याच्या डोळ्यांदेखत रिते होत होते, आणि त्या वेळी त्याने जे मागितले ते अधिक मोठे कोठार नव्हते. त्याने एका माणसाला जवळ बोलावले.

पुस्तकाची शिफारस मी निःशंकपणे करतो. गणिताची भीती वाटणाऱ्यांनी प्रस्तावना आणि दुसरा भाग वाचावा. शेवटची काही पाने दोनदा वाचावीत. 'मेंदू म्हणजे संगणक' असे म्हणणाऱ्याने ती वाचली तर त्याचा आवाज खाली येईल, आणि 'यंत्राला हे जमणार नाही' असे म्हणणाऱ्याचाही येईल. सिलिमन मालेच्या देणगीदाराची अट मला पूर्वी विचित्र वाटे. आता वाटते की, प्रामाणिकपणे मांडलेली तथ्ये खरोखरच आपले काम करतात. त्यांचा अर्थ लावण्याचे काम मात्र आपले आहे, आणि ते आपण टाळता कामा नये.

त्या मुलाला मी दोन आठवड्यांनी उत्तर दिले. यंत्राला काय येते व काय येत नाही, याची यादी केली नाही. त्याला आजींच्या घरी बरोबर नेले. परतताना तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "फादर, पुढच्या महिन्यात मी पुन्हा येऊ का?"